लडीला बसवलेली सून

"तिला एकदा लडीला बसवल्याशिवाय काय कळायचं नाय गो. तोंडानं तर काय बोलतच नाय."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ते होतं खांब गावच्या शीतलताईंसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठी, आणि फोनवर बोलत होत्या माझ्या सासूबाई. त्या स्वयंपाकघरात, मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली. मध्ये एक खिडकी, तिला झडप नाही. त्यातून आईंचा असा समज, की खांबपर्यंत आवाज आपणच पोचवायचा असतो. फोन नुसता कानाला लावायचा.

या एवढ्याशा वाक्यावरून मी माझी जी शोभा करून घेतली, ती सांगते. हसा, पण चहा सांडू नका.

आधी थोडं मागचं. माझं माहेर पेण. वडिलांचा गणपतीचा लहानसा कारखाना. लग्न होईपर्यंत त्या कारखान्यात माझ्याकडे उंदरांचं खातं होतं. गणपती रंगवायला कारागीर, डोळे लिहायला वडील, आणि उंदीर माझे. दिवसभर उंदरांसोबत बसलं की माणसाला बोलायची सवय राहत नाही. मी मुळातच गप्प, त्यात हे.

रोह्याची मंडळी मला बघायला आली तेव्हा आमच्या दारावर लोकरीचं तोरण होतं. हिरवे पोपट, मध्ये लाल कलश. सासूबाईंनी वर बघितलं मात्र, माझी आई म्हणाली, "हिनंच विणलंय हो. बसली की उठत नाही."

तोरण पेणच्या बाजारात एका स्टॉलवरून आणलेलं. मी सुई हातात धरली होती ती फक्त काटा काढायला.

सासूबाईंनी पोपटाला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. मलाही लोकरीचा नाद हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी पोह्यांची बशी धरून उभी होते, आणि बशी धरलेल्या मुलीने खरं बोलायची पद्धत आपल्याकडे नाही.

लग्न होऊन आले तर काय, आईंच्या खोलीत पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत गच्च लोकर. रोह्यात स्वेटर घालण्यासारखी थंडी पडते ती पहाटे, आणि तेव्हा आम्ही सगळे झोपलेले असतो. तरी ट्रंक भरलेली. सगळी लोकर लडीत. लड म्हणजे दुकानातून येतं ते मोठं, सैल वेटोळं. त्यातून थेट विणता येत नाही, गुंता होतो. मग एकाने दोन्ही हात पुढे करून त्यावर लड ताणून धरायची, आणि समोरच्याने टोक शोधून त्याचा गुंडा करायचा. एवढं ज्ञान मला होतं. शाळेत बाजूच्या बाकावरच्या मुलीने सांगितलेलं.

तर आता तुम्हीच सांगा. "लडीला बसवल्याशिवाय कळायचं नाय" याचा अर्थ मी काय घ्यायचा? परीक्षा. दुसरं काय? तोरणाचं बिंग फुटणार, पेणच्या आईची अब्रू रोह्याच्या ओटीवर मांडली जाणार, आणि मी जन्मभर या घरात खोटारडी म्हणून चपात्या लाटणार.

दुसरी एखादी सरळ जाऊन विचारून मोकळी झाली असती, "आई, लडीला बसवायचं म्हणजे काय?" पण दुसरी उंदीर रंगवत मोठी झालेली नसते.

मी मोबाईलवर शिकायचं ठरवलं.

खोलीचं दार लावून, आवाज बारीक करून मी एका बाईंचे व्हिडिओ बघायला लागले. फार गोड बाई. "घाबरू नका," म्हणायच्या. "सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास होतो. ओढाताण करू नका. हळूहळू मोकळं व्हायचं." त्या अंगठ्यावर धाग्याचं टोक अडकवून गुंडा असा करायच्या, की धागा आतून निघतो आणि गुंडा जागचा हलत नाही. नाहीतर गुंडा घरभर पळतो, मागे मांजर.

रोह्याच्या बाजारातून मी गुपचूप लोकर आणली. पण लड धरायला हात कुणाचे? घरात असे हात एकच, माझ्या नवऱ्याचे. सुजित धाटावला कंपनीत आहे. रात्रपाळी करून आला की दुपारी ओंडक्यासारखा झोपतो. हात छातीवर घेऊन झोपतो, ते काही सुटेनात. मग मी लड त्याच्या पायांत घातली. दोन्ही तळवे छान उभे, मध्ये बरोबर हवं तेवढं अंतर. देवाने जणू त्यासाठीच दिलेले.

अर्धा गुंडा झाला असेल आणि त्याचा गजर वाजला.

सुजित उठला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायला गेला आणि कपाटासकट आडवा झाला.

बाहेरून आई म्हणाल्या, "काय पडलं गो?"

"काय नाय आई," सुजित जमिनीवरून म्हणाला, "मीच पडलो."

मी त्याच्या पायातली लोकर सोडवत कुजबुजले, "आईंना सांगायचं नाही हं."

"कधीपर्यंत?"

"मला जमेपर्यंत."

"बरं," तो म्हणाला. नवरा भला आहे. बायकोने पाय बांधले तरी कारण विचारत नाही. दाराबाहेर आईंच्या बांगड्या जरा वेळ वाजल्या नाहीत. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

घरात जमेना, म्हणून मी सगळी लोकर मोठ्या बॅगेत कोंबली आणि सकाळच्या गाडीने पेणला गेले. सासरी सांगितलं, आईची आठवण येते.

माहेरी पोचताच मी आईला धरलं. "कशाला सांगितलंस विणकाम येतं म्हणून?"

"सगळ्याच आया सांगतात गो," ती शांतपणे म्हणाली. "मला मोदक येतात असं तुझ्या आजीनं सांगितलं व्हतं. पहिल्या चतुर्थीला तुझ्या बापानं जे खाल्लं, ते त्यालाच म्हाईत."

"तांदळाची पातळ कणेरी म्हणून खाल्लं," वडील कारखान्यातून म्हणाले.

तिथेही हातांचा प्रश्न होताच. आईचे हात पिठात, वडिलांचे मातीत. शेवटी कारखान्यात शेजारी शेजारी दोन गणपती सुकत ठेवले होते. दोघांचे आशीर्वादाचे हात वर. मी इकडेतिकडे बघितलं आणि लड त्यांच्यात अडकवली. इतकं निश्चल धरणारं माणूस मला उभ्या जन्मात मिळालं नसतं.

आई दारात येऊन बघते तर काय. "अहो, ही बघा. देवाच्या हातात लड घातली हिनं."

वडिलांनी मान वर केली. "रंग नाय, डोळे नाय. अजून माती हाय तो. पण हात तुटला ना, तर त्या गिऱ्हाइकाच्या मखरात तुला बसवीन."

मग ते माझ्यामागे उभे राहून बघायला लागले. लोकरीतलं त्यांना काही कळत नाही, पण गोळा म्हटलं की त्यांना राहवत नाही. "सैल होतोय गो. दाब. आत हवा राह्यली की तडकतं."

हे मी लहानपणापासून ऐकलेलं. माती मळ, दाब, आपट, हवा काढ. हवा राहिली की गणपतीच्या पोटाला भेग. मोबाईलवरच्या बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, सैल गुंडाळा, सैल. पण त्या बाई कुठल्या कोण, आणि माझे वडील पेणचे. मी कुणाचं ऐकणार?

मी दाबला. प्रत्येक फेऱ्याला धागा ताणून, अंगठ्याने चेपून, मधूनमधून पाटावर आपटूनसुद्धा. संध्याकाळी असा गोळीबंद गुंडा तयार झाला, की वडिलांनी तो हातात झेलून बघितला आणि म्हणाले, "आता पास."

आधीची गुंता झालेली सगळी लोकर मी तिथेच टाकली आणि रिकामी बॅग घेऊन रोह्याला परतले. आई अंगणात होत्या.

"बॅग हलकी दिसते," त्या म्हणाल्या.

"हो."

"जाताना जड व्हती."

"हो."

झालं. एवढंच संभाषण. त्यानंतर मी पुन्हा लोकर आणली, पुन्हा भरलेली बॅग घेऊन गेले, पुन्हा रिकामी घेऊन आले. हात बसेपर्यंत हेच चाललं. आई प्रत्येक वेळी बॅगेकडे बघायच्या आणि जेवताना माझ्या पानात जास्तीची मासळी वाढायच्या. मला वाटलं, परीक्षेआधी मुलांना दही-साखर देतात, त्यातला प्रकार.

आणि मग एक दिवस आई म्हणाल्या, "शीतलला आणायला चाललोय खांबला. चार दिवस माहेरपणाला येईल. तू येतेस?"

शीतलताई येणार म्हणजे परीक्षक आले. मला एकदम सुचलं, परीक्षेची वाट कशाला बघायची? आपणच आधी उत्तरपत्रिका देऊन टाकू. मी कपाळाला हात लावून म्हटलं, "डोकं दुखतंय जरा."

आई आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, निघून गेले. सुजित पहिल्या पाळीला. मी ट्रंक उघडली.

दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या (हे आधी सुचलं असतं तर सुजित पडला नसता), त्यावर लड चढवली आणि बसले. काय सांगू, हात असे चालले! पिवळी झाली, निळी झाली, बाळांच्या कुंच्यांसाठी ठेवलेली गुलाबी झाली. जेवलेही उभ्या उभ्या. दाब, चेप, हवा काढ. ट्रंकेच्या तळाची शेवटची लड संपली तेव्हा पाटीत गुंड्यांचा हा डोंगर. मी तो लाडवांसारखा रचला, मधोमध ओटीवर ठेवला आणि पदराने घाम पुसून उभी राहिले.

मंडळी आली. पुढे शीतलताई, मागे पिशव्या घेऊन बाबा, मग आई. तेवढ्यात सुजितही पाळीवरून आला.

आईंनी पाटी बघितली. मग उघडी ट्रंक बघितली. मग परत पाटी.

"सगळ्या?" त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. अभिमानाने.

"एकपण नाय ठेवलीस?"

मी मान हलवली. अजून अभिमानाने.

बाबांनी वरचा गुंडा उचलला आणि ओटीच्या कठड्यावर वाजवून बघितला. टक्‌ असा आवाज आला. त्यांनी तो सुजितकडे टाकला. सुजितने झेलला आणि हात झटकला. "बाबा, लागला."

शीतलताई हसायला लागल्या आणि आईंचं तोंड बघून थांबल्या. आई खाली बसल्या होत्या. "आता मी हिला बसवू कशाला?" त्या कुणाला तरी विचारत होत्या. आम्हा कुणाला नव्हे.

मला काही कळेना. शेवटी बाबांना दया आली.

"अगो पोरी, ही विणते ते निमित्त. हिला कुणाला काय विचारायचं असलं ना, की त्याच्या हातात लड अडकवते. हात गुंतलेले, मानूस उठून जाईल कुठं? मग बसते गुंडा करत, इचारत. लड संपेपर्यंत सगळं बाहेर. ह्या सुजितचा दहावीचा निकाल असाच कळला. शीतलचं लग्न असंच ठरलं. माझं तर अख्खं आयुष्य लडीत गेलं."

"तुमचं काय गेलं?" आई म्हणाल्या. "जमीन घेताना भावाला काय कबूल करून आलात ते लडीतच कळलं ना?"

"म्हणून तर म्हणतो."

म्हणजे ती परीक्षा नव्हती. सुनेशी दोन शब्द बोलायचे होते, म्हणून सासूने ठेवलेली ती बसायची जागा होती. आणि मी एका दिवसात त्या घरातल्या पुढच्या कित्येक वर्षांच्या गप्पा आवळून, चेपून, त्यातली हवा काढून पाटीत रचून ठेवल्या होत्या.

"आणि लोकर मारलीस ती वेगळीच," आई एक गुंडा दाबत म्हणाल्या. तो दबला नाही. "लोकरीत हवा लागते गो. अशी आवळली की ताणून मरते. विणलंस की आकसते, पोराच्या डोक्यात कुंची जायची नाय. हे सगळं उकलून परत लडीत घालायला हवं."

मग आईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. लड करायची म्हणजे ती कुणाच्या तरी हातावर गुंडाळावी लागणार.

"बस," त्या म्हणाल्या. "हात पुढं कर."

मी बसले. हात पुढे केले. आईंनी पहिला गुंडा घेतला आणि माझ्या मनगटांभोवती धागा फिरवायला लागल्या. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. शीतलताईंनी चहा टाकला. माझे हात अडकलेले, म्हणून त्यांनी मला बशीतून पाजला. एक कप झाला. दुसरा ओतला. नको म्हणायला हात लागतात, ते नव्हते.

"त्या तोरणाचं मनात धरू नको," आईंनी सुरुवात केली. "ते विकतचं हाय ते मला तेव्हाच कळलं. पोपटाच्या मागं दुकानाची चिठ्ठी लटकत व्हती. आम्हाला काय विणणारी सून नको व्हती."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. पण आईंचं संपलं नव्हतं. दुसरा गुंडा सुरू झाला, आणि त्यांचा आवाज खाली आला.

"पेणला बॅग भरून नेतेस आणि रिकामी आणतेस. आता तुझ्या कपाटात काय राह्यलंय ते मी बघितलं नाय. बघणार पण नाय. पण मला दिसतंय ना."

मी तोंड उघडलं.

"थांब, बोलू दे आईला," शीतलताई म्हणाल्या आणि उरलेला चहा माझ्या तोंडात ओतला.

"दार लावून कुणा बाईशी बोलतेस. ती सांगते, घाबरू नको, सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास होतो, हळूहळू मोकळं व्हायचं. मी काय बहिरी नाय. त्या दिवशी खोलीत कायतरी आपटलं. हा म्हणतो, मीच पडलो. आणि तू म्हणालीस, आईंना सांगायचं नाही."

"आई, मी खरंच पडलो," सुजित म्हणाला.

"तू गप. तुझी लड वेगळी लावीन." आईंनी तिसरा गुंडा उचलला. माझे हात आता कोपरापर्यंत पिवळे-निळे-गुलाबी झाले होते. "शीतलला मी त्यासाठीच आणली. म्हटलं मला नाय सांगणार, तिला सांगेल. तुम्हाला पेणला खोली बघायची असली तर बघा. तो कंपनीच्या बसनं जाईल येईल. मी आडवी येणार नाय. पण असं एकेक सामान चोरून नको गो नेऊ. सरळ सांगायचं. तुला वेगळं राहायचंय का?"

काय म्हणू मी? इतके दिवस मी ज्या बॅगेत नुसता गुंता घेऊन फिरत होते, त्या बॅगेत या बाईला आपलं घर मोडताना दिसत होतं. तरी ती माझ्या पानात मासळी वाढत होती.

सांगायला खूप होतं. पण माझं एक आहे. दोन गोष्टी एकदम सांगायच्या असल्या की आधी कुठली सांगू हे ठरवण्यात माझा वेळ जातो. आणि त्या क्षणी माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, दोन्ही महत्त्वाच्या, आणि त्यातली एक दर मिनिटाला जास्त महत्त्वाची होत चालली होती.

मी गुडघे जवळ घेतले. मग पाय बदलला. मग पुढे-मागे डोलायला लागले.

"बघ कशी तळमळते," शीतलताई हळूच म्हणाल्या.

"बोल गो बाय," बाबा म्हणाले. "मनात ठेवू नको. कोंडून ठेवलं की तरास होतो."

ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडवलीस तिला," बाबा आईंना म्हणाले.

"मी कुठं रडवली? मी तर विचारतेय." आईंनी गुंडा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. "जे असंल ते सांग. आम्ही कुणी रागावणार नाय. सावकाश सांग. आज आपल्याला कुठं जायचं नाय."

चौघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, अख्ख्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"आई, मला हे घर सोडून कुठ्ठेही जायचं नाही. फक्त बाथरूमला जायचंय, आणि हात सोडवायला वेळ नाही, तेव्हा शीतलताई, तुम्ही पुढे होऊन दार उघडा."